डब्याची जागा

सातारच्या स्टँडवर सांगली गाडी फलाटाला लागली की प्रवाशांचे दोन पंथ पडतात. एक दाराशी रांग लावणारा, दुसरा खिडकीतून रुमाल टाकणारा. पहिल्या पंथाचं चारित्र्य चांगलं असतं, दुसऱ्याला बसायला मिळतं. मी माहेरची सांगलीची, सासरची सातारची. या रस्त्यावर तीस-पस्तीस वर्षं जाऊन-येऊन आहे, तरी रुमाल टाकायचं काही जमलं नाही. खिडकी उंच असते, माझा नेम वाईट, आणि ऐन वेळी रुमाल पर्सच्या तळाशी पेनाच्या टोपणाखाली असतो.

परवा बहिःस्थ परीक्षक म्हणून सांगलीला निघाले होते. बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स. गाडीत चढले तर उभं राहायलाही वांधा. तेवढ्यात मधल्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, या इकडं." चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. शेजारच्या सीटवर रुमाल, आणि रुमालावर एक प्लास्टिकचा डबा. तिनं डबा उचलून मांडीवर घेतला आणि मला बसवलं. म्हणजे ती जागा डब्यासाठी धरलेली होती. मी डब्याचे मनोमन आभार मानले. "आडवा होऊन चालत नाही मॅडम, सॅम्पल्स आहेत," ती म्हणाली. कापसात निजवलेल्या काचपट्ट्या. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांची तपासणी, करून घ्यायला कोल्हापूरला विद्यापीठात निघाली होती. कोल्हापूर गाडी भरून गेली, म्हणून पेठ नाक्यापर्यंत ही गाडी आणि पुढे मिळेल ती.

कंडक्टर आला. माझ्या केसांकडे बघून म्हणाला, "आजी, पंच्याहत्तर पूर्ण असतील तर आधार कार्ड दाखवा, तिकीटच नाही." मी म्हटलं, "सतरा वर्षं कमी पडतात हो." त्यानं सहानुभूतीनं बायकांचं अर्धं तिकीट फाडलं. नोकरीभर माझं हेच झालंय. प्रत्येक अर्जात थोडेसे कमी पडायचे. कधी गुण, कधी पेपर, कधी वर्षं.

गाडी हायवेला लागल्यावर मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही टीचिंगमध्ये की रिसर्चमध्ये?"

दिसायला साधा प्रश्न, पण त्याच्या पोटात उतरंड आहे. आपल्याकडे शास्त्राचं घर दुमजली असतं. वर संशोधन राहतं, खाली शिकवणं. वरच्या मजल्यावरचे अधूनमधून खाली येतात, पाहुणे म्हणून भाषण करतात, शाल-श्रीफळ घेतात आणि जिना चढून जातात. खालच्यांना जिना झाडायची परवानगी असते.

कागदावर सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. हा आकडा ऐकला की माझे दीर हसतात. त्यांचा हिशेब असा, की मंगळवारी दुपारपर्यंत बाई मोकळ्या. मग उरलेल्या दिवसांत संशोधन करायला काय हरकत आहे? हरकत एवढीच, की प्रॅक्टिकलच्या प्रत्येक बॅचला द्रावणं लागतात, ब्युरेटच्या नळ्या तुटतात, मुलं तुटतात, प्रवेश समिती, परीक्षा समिती, शिस्त समिती, आणि सगळ्या समित्यांची मिनिट्स लिहायला सुवाच्य अक्षर असलेली बाई लागते. शिवाय जर्नलं. इथे एक घोटाळा आहे. विद्यापीठात ‘जर्नल’ म्हणजे जगभरातले शास्त्रज्ञ ज्यात शोधनिबंध छापतात ते. कॉलेजात जर्नल म्हणजे खाकी कव्हर घातलेली प्रॅक्टिकलची वही. आयुष्यात मी काही हजार जर्नलं तपासली, सह्या केल्या, ‘निरीक्षणे पेन्सिलने लिहू नयेत’ असे शेरे मारले. मुलाखतीत विचारतात, "तुमचं किती जर्नल्समध्ये आलंय?" काय सांगणार? माझी सही सगळ्या जर्नल्समध्ये आलीय.

मी नोकरीला लागले ती तासिका तत्त्वावर. हल्ली त्याला सीएचबी म्हणतात, तेव्हा ‘अवरली’ म्हणायचे. अवरली बाई. पगार तासांवर आणि मिळायचा वर्षातून दोनदा, दिवाळी-उन्हाळी सुट्टीसारखा. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण त्याची काही खासियत नव्हती. सगळीकडे तेच होतं. स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी मी एका रिकाम्या खुर्चीवर बसले, तर शिपाई अदबीनं म्हणाला, "बाई, ती सरांची आहे." दुसरीवर बसले. "तीपण सरांची." सर कुठे होते? रजेवर. खुर्ची हजर होती. तेव्हापासून मी प्रयोगशाळेत स्टूलवर बसायला लागले. फ्यूम हूडच्या शेजारी, ज्याचा पंखा माझ्या आधीच्या पिढीत बंद पडला होता. पुढे कायम झाले, खुर्ची मिळाली, तरी स्टूल सुटलं नाही. स्टूलला पाठ नसते, त्यामुळे टेकायची सवय लागत नाही. कमरेच्या डॉक्टरांचं मत वेगळं आहे.

आता तर पदंच भरली जात नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं: बिंदूनामावली तपासून यायचीय. कुठल्या प्रवर्गाला कितवी जागा, याचा तो तक्ता. तक्ता सामाजिक न्यायासाठी केलेला, पण तो वर्षानुवर्षं तपासूनच येत नाही आणि तोवर त्याच जागेवर, त्याच प्रवर्गातला मुलगा तासावर शिकवत राहतो. सगळ्यांना सामावून घ्यायचं, पण बसवायचं नाही, ही आमची खास पद्धत.

मुलीला मी म्हटलं, "डब्यात काय, कॅडमियम सल्फाइड?" तिचा चेहरा उजळला. "सिलार मॅडम. ऐंशी सायकल्स. हातानं." मला तिचा हात धरावासा वाटला. कारण माझी पीएच.डी.सुद्धा थिन फिल्ममधलीच, त्रेचाळिसाव्या वर्षी झालेली.

कोल्हापूर, सांगली, सातारा या शिवाजी विद्यापीठाच्या पट्ट्यात थिन फिल्मचं पीक ऊस-हळदीसारखं आलं, त्याला कारण आहे. चकचकीत यंत्रांत निर्वात पोकळी करून पातळ थर द्यायचे, तर पैसे लागतात. रासायनिक पद्धतीला लागतं काय? एक बीकर, हॉटप्लेट, थर्मामीटर आणि धुतलेली काचपट्टी. प्रा. सी. डी. लोखंडे यांच्यासारख्यांनी कोल्हापुरात ही गरिबाची पद्धत अशी काही रुजवली, की तिथून शिकलेली मुलं डॉक्टरेटनंतर थेट दक्षिण कोरियाची विमानं धरू लागली. विट्या-तासगावच्या घरांत आता सोलचं हवामान माहीत असतं. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "तिथं भाकरीचं पीठ मिळतं का?"

ती पद्धत एकदा जवळून बघण्यासारखी आहे. कॅडमियमच्या क्षाराच्या पाण्यात अमोनिया घालायचा. आधी पांढरा साका येतो. आणखी घातला की तो विरघळतो आणि पाणी नितळ, जणू काही झालंच नाही. मग थायोयुरिया. मधोमध काचपट्टी उभी सोडायची आणि साठ-सत्तर अंशांवर तापवत ठेवायचं. कितीतरी वेळ काहीच होत नाही. डोळ्यांत अमोनिया चुरचुरत असतो, बाहेर कुणीतरी हाका मारत असतं की मॅडम, परीक्षा समितीची मीटिंग. तुम्ही दाराकडे बघता, परत वळता, तर पाण्यावर लिंबाच्या सालीसारखी झाक. मग कडा धरतात. मग बघता बघता अख्खं बीकर सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीसारखं पिवळंधमक. पट्टी बाहेर काढायची, धुवायची, उजेडासमोर धरायची. काचेला पिवळा, पारदर्शक, एकसारखा थर. (साम्य रंगापुरतंच. कॅडमियम विषारी आहे, दुधात घालू नये.)

सिलारमध्ये हेच काम हप्त्याहप्त्यानं. पट्टी एका द्रावणात बुडवा, पाण्यात धुवा, दुसऱ्या द्रावणात बुडवा, परत धुवा. झाली एक सायकल. अशा ऐंशी. यंत्र असलं तर यंत्र बुडवतं, नसलं तर पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मी हे रविवारी करायचे. पन्नासाव्या बुडीला मुलाचा फोन यायचा, आई, कुकरच्या किती शिट्ट्या? मी सांगायचे, "एक्कावन्न." सासूबाईंनी एकदा लॅबमध्ये येऊन बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या जपासारखंच. फक्त तुला शेवटी डिग्री मिळते."

या पिवळ्या थराचा उपयोग सौर घटांत होतो. त्याचं नावच ‘विंडो लेयर’, म्हणजे खिडकी. उजेड अडवायचा नाही, आतल्या थरापर्यंत जाऊ द्यायचा. मला हे नाव फार आवडतं. सबंध घटात वीज तयार केल्याचं श्रेय आतल्या थराला मिळतं. खिडकीनं काय केलं? जाऊ दिलं. शिकवणाऱ्या माणसाची नोकरी याहून वेगळी असते असं मला वाटत नाही. माझ्या वर्गातली चार पोरं आज परदेशात संशोधन करतात. त्यांच्या शोधनिबंधांत माझं नाव नाही, असायचं कारणही नाही. त्यांना मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीतला फरक मी समजावला होता, तिसऱ्यांदा, पावसात, लाईट गेलेले असताना.

आणि मामा. आमच्या लॅबचे मामा नववी नापास. बदामी रंगाचा सदरा, खिशात लिटमस. द्रावण किती पातळ आहे ते रंगावरून सांगायचे आणि बहुधा बरोबर असायचे. माझ्या प्रबंधाची निम्मी रसायनं मामांनी मापलीत. मी ऋणनिर्देशात त्यांचं नाव मार्गदर्शकांच्या लगेच खाली टाकलं, तर टायपिस्टनं ‘चुकून वर आलंय’ म्हणून तळाशी नेलं, घरच्या मांजराच्या थोडं वर. मी परत वर आणलं. मामांना तो प्रबंध दाखवला तेव्हा त्यांनी आपलं नाव बोटानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "एवढ्या पानांत सगळं पिवळंच का?"

कराड आलं. मुलगी वडापाव आणायला उतरली, मी डबा धरून बसले. इथून जवळच, कराड तालुक्यातल्या काले गावात १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्याच १९१९ साली सांगलीला डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन कॉलेज उघडलं. एकाचं नाव मुंबईच्या गव्हर्नरसाहेबाचं, दुसऱ्याचं रयतेचं. मला दोघांबद्दलही प्रेम आहे; विश्रामबागेतल्या त्या झाडांखाली मी माझा पहिला टायट्रेशनचा आकडा चुकवला. पण भाऊरावांची गोष्ट वेगळी. हा माणूस एके काळी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवत गावोगाव फिरला. नांगर विकता विकता त्यानं पाहिलं, की जमिनीपेक्षा पोरं पडीक आहेत. मग साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग. त्यांच्या जेवणापायी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा गेलं. पुढे ‘कमवा आणि शिका’. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सर त्यातूनच आलेले. पिपेट धरायला लागले की बोटांवर खुरप्याचे घट्टे दिसायचे आणि पिपेट हलायची नाही. दुसऱ्यांच्या पोरांसाठी खिडकीतून रुमाल टाकणारा एवढा मोठा माणूस या रस्त्यावर परत झाला नाही.

तशी साताऱ्याला बसायच्या जागेची आठवण फार जुनी आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. दाखल झालं, पण वर्गात इतरांत बसता आलं नाही. त्यांनीच पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलंय, की कोपऱ्यात वेगळं बसायचं, खाली आपलं गोणपाट, शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवायचा नाही, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस पाळतात. मी त्या दिवशी वर्गात एकच गोष्ट सांगते, गोणपाटाची. मागच्या बाकावरची मुलं मोबाइल खाली ठेवतात. तेवढं पुरे.

आणि दुसरी आठवण, साताऱ्याबाहेरची पण जागेचीच, कमला भागवतांची. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण मुंबईत पहिल्या क्रमांकानं बी.एस्सी. झाली आणि १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेली. संचालक सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. ते म्हणाले, मुलींना घेत नाही. ही सत्याग्रह करीन म्हणून हटून बसली. शेवटी घेतलं, पण अटींवर: वर्षभर नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, काम पटलं तरच पुढचं बघू, आणि तिच्यामुळे तिथलं वातावरण बिघडता कामा नये. ती पुरून उरली. रामनांनीही मग मत बदललं, मुलींना दार उघडलं. १९३९ मध्ये तिनं केंब्रिजची डॉक्टरेट घेतली, अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर. माझा प्रबंध दोनशे चौदा पानांचा. पैकी ऐंशी पानं प्रस्तावना. पान मोजून ज्ञान ठरतं तर आमची पिढी केव्हाच पुढे गेली असती.

दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, रामन परिणामाचा. आमच्याकडे नाटुकली बसवतात. रामनांची भूमिका नेहमी मुलगी करते, कारण मुलांना पगडी घालायची लाज वाटते. एका वर्षी मी सुचवलं, की त्यात कमलाबाईंचा एक प्रवेश घालू. संयोजक म्हणाले, "मॅडम, विषय प्रकाशाच्या विकिरणाचा आहे, त्यात हे कशाला?" ओठावर पेन्सिलनं मिशी काढलेली, पगडी सावरणारी ती मुलगी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मी म्हटलं, बरं. आता वाटतं, बरं म्हणायला नको होतं.

असं ‘बरं’ मी फार वेळा म्हटलंय. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम आली तेव्हा संशोधनाच्या फाईली सरांकडे, रांगोळी आणि ओवाळायचं तबक आमच्याकडे. बरं. आंतरराष्ट्रीय परिषद भरली (एक पाहुणे ऑनलाइन परदेशात होते, मूळचे पलूसचे) तेव्हा शोधनिबंध वाचायला सहा मिनिटं आणि सूत्रसंचालनाला दिवसभर. बरं. सर्वसमावेशकतेचा अहवाल लिहायला दिला, लिहिला, खाली सही दुसऱ्यांची. बरं. मोठे अन्याय नव्हेत हे, कुणी उपाशी राहिलं नाही. पण त्या तबकात ओवाळून घेणाऱ्यांपैकी एकानंही कधी विचारलं नाही, की बाई, तुमची ती पिवळी काच कुठवर आली?

मुलगी वडापाव घेऊन आली. तिला अजून उत्तर मिळालेलं नव्हतं. मी म्हटलं, "टीचिंगमध्ये." ती म्हणाली, "मला पण तेच आवडतं मॅडम, पण गाईड सर म्हणतात, शिकवण्यात अडकू नको, पेपर काढ." गाईड सरांचं चुकत नाही, मुलाखतीला पेपरच मोजतात. आणि तिचंही चुकत नाही. दहिवडीकडची पोर. धाकट्या बहिणीला अणुरचना शिकवताना तिला स्वतःला ती पहिल्यांदा कळली, असं तिनंच सांगितलं. याला शिकवणं म्हणायचं की संशोधन, हे ठरवायला आणखी एक समिती नेमावी लागेल आणि मिनिट्स मला लिहावी लागतील.

पेठ नाक्याला ती उतरली. डबा रुमालात गुंडाळून छातीशी धरलेला. समोरून कोल्हापूरची गाडी आली तशी धावली, खिडकीतून रुमाल टाकायला हात वर केला, आणि रुमाल तर डब्याला बांधलेला. दारातून चढली. जागा मिळाली का ते दिसलं नाही.

सांगलीच्या कॉलेजात पोचले तेव्हा प्रॅक्टिकलची बॅच तयार होती. चहा आला, नारळपाणी आलं, मला गादीची खुर्ची आली. अंतर्गत परीक्षक म्हणून एक तरुण मॅडम होत्या, सीएचबीवर, पाचवं वर्ष. त्या फळ्याशी उभ्या होत्या. तीन तास उभ्याच राहायच्या बेतात होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, सवय आहे." मी शिपायाला सांगून आतलं एक स्टूल मागवलं. त्याचा एक पाय आखूड होता. गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेची चौपदरी घडी करून पायाखाली सरकवली, त्यांना बसवलं आणि पहिल्या नंबरला तोंडी परीक्षेसाठी आत बोलावलं.